पहिलाच सामना, एका गोलाने हार : वाचकांचे प्रश्न

१७ ऑगस्ट २०२५ च्या रविवारी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड इंग्लिश प्रीमियर लीगच्या मोसमातला पहिला सामना आर्सेनलकडून ०-१ असा हरले. १३ व्या मिनिटाला कॉर्नरवर रिकार्डो कालाफिओरीने अगदी जवळून डोक्याने मारलेला गोल शेवटपर्यंत पुरला. या वेळी सोलापुरातून आलेली बहुतेक पत्रे याच सामन्याची आहेत. काही पत्रे शहरातल्या क्लबांच्या प्रशिक्षकांची आहेत. त्यांचेही संघ पहिला सामना एका गोलाने हरले आहेत. दुखणे एकच असल्याने उत्तरे एकत्र देत आहोत. एका गोलाच्या हारीत काय चुकले हे निकाल सांगत नाही. गोल कसा झाला आणि संधी कुठून मिळाल्या, हे पाहिल्यावरच ते कळते. म्हणून या उत्तरांत मोजमापे जास्त आहेत.

युनायटेडने २२ शॉट मारले, आर्सेनलने ९. तरी आम्ही हरलो. हे निव्वळ दुर्दैव म्हणायचे की संघच कच्चा? आमच्या कट्ट्यावर यावरून दोन तट पडले आहेत.
— एक वाचक, जुळे सोलापूर

शॉट नुसते मोजून हा वाद मिटणार नाही, ते तोलावे लागतील. त्यासाठी आता सगळीकडे ‘एक्सजी’ हा आकडा वापरतात. त्या जागेवरून, तशा परिस्थितीत मारलेल्या शंभर शॉटपैकी साधारण किती गोल होतात, हे तो सांगतो. पेनल्टीचा एक्सजी ०.७६ ते ०.७९ धरतात, म्हणजे शंभरात ७६ ते ७९ गोल. पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून मारलेल्या साध्या शॉटचा ०.०३ ते ०.०५ च्या आसपास असतो. म्हणजे बाहेरून मारलेले पंधरा-वीस शॉट मिळूनही एका पेनल्टीची बरोबरी जेमतेम होते.

इतका फरक का, ते गोलच्या मापावरून समजते. गोल ७.३२ मीटर रुंद असतो. बरोबर समोर ६ मीटरवर उभे राहिले तर दोन खांबांमध्ये सुमारे ६३ अंशांचा कोन दिसतो. २० मीटरवरून तोच कोन २१ अंशांवर येतो आणि तेवढ्याच अंतरावरून पण ४५ अंश बाजूला सरकून मारले तर १५ वर. त्यात मध्ये दोन बचावपटू आणि एक गोलरक्षक. शिवाय डोक्याने मारलेला चेंडू पायाइतका जोरात जात नाही, त्यामुळे त्याच जागेवरून हेडरची शक्यता कमी धरतात.

आता २२ शॉटचा हिशेब करू. समजा प्रत्येक शॉटची शक्यता सरासरी ७ टक्के होती. मग अपेक्षित गोल झाले दीड. पण एकही गोल न होण्याची शक्यता किती? ०.९३ ला ०.९३ ने बावीस वेळा गुणत गेले की साधारण ०.२० येते. म्हणजे असा सामना पाच वेळा खेळला तर सरासरी एकदा तो संघ गोलशून्य राहील. दुर्दैव आहे, पण दुर्मीळ नाही.

शॉटच्या आकड्यात आणखी एक फसगत असते. आघाडी घेतलेला संघ मागे सरकतो, मधली जागा बंद करतो आणि समोरच्याला बाहेरून मारू देतो. त्यामुळे पिछाडीवरच्या संघाचे शॉट आपोआप वाढतात. आर्सेनलला आघाडी १३ व्या मिनिटाला मिळाली होती, म्हणजे जवळजवळ पूर्ण सामना याच अवस्थेत झाला. युनायटेडचा हल्ला मागच्या मोसमापेक्षा धारदार वाटला, मबेउमो आणि कुन्या या नव्या हल्लेखोरांनी बचावाला पळवले, हे खरे. पण २२ विरुद्ध ९ हा आकडा वरचढपणाचा पुरावा म्हणून वापरू नका.

पुढच्या सामन्यापासून कट्ट्यावर हे करून पाहा. कागदावर अर्ध्या मैदानाचा आराखडा काढा : गोलरेषेपासून ५.५ मीटरवर गोल एरिया, ११ मीटरवर पेनल्टी स्पॉट, १६.५ मीटरवर बॉक्सची कड. पायाने मारलेल्या शॉटला वर्तुळ, हेडरला फुली, आणि मारणारा व गोल यांच्यामध्ये बचावपटू असेल तर खुणेखाली रेघ. शेजारी मिनिट आणि त्या वेळचा स्कोअर लिहायला विसरू नका, तोच सगळ्यात उपयोगी पडतो. सामना संपला की गोल एरियाच्या रुंदीचा, म्हणजे १८.३२ मीटरचा पट्टा बॉक्सच्या कडेपर्यंत ओढा आणि त्यात रेघ नसलेली वर्तुळे किती ते पाहा. हा आकडा सलग पाच-सहा सामन्यांत प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त राहिला आणि तरी संघ हरत असेल, तर दुर्दैवाची बाजू खरी. तो कमी असेल तर संघ कच्चा. एका सामन्यावरून दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे बोलू नये.

कॉर्नरच्या वेळी आर्सेनलचा सलीबा आमच्या गोलरक्षकाला, बायंदिरला, अक्षरशः चिकटून होता. हा फाउल नाही का? व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या रेफरीने, गोल रद्द का केला नाही?
— एक वाचक, विजापूर रोड

गोल एरियात गोलरक्षकाला वेगळे संरक्षण असते, हा समज मैदानावर फार पसरलेला आहे. नियमावलीत तसे कलम नाही. चेंडू त्याच्या हातात असेल, हात आणि जमीन किंवा अंग यांच्यामध्ये असेल, किंवा तो चेंडू टप्पा देत वा वर उडवत असेल, तेव्हा त्याला आव्हान देता येत नाही. चेंडू हवेत असताना तो इतर दहा जणांसारखाच एक खेळाडू. त्याचा हात धरला, ढकलले किंवा चेंडू आवाक्यात नसताना त्याच्या वाटेत सरकून अंगाने अडवले, तर फाउल. आधीच आपल्या जागी उभा असलेला खेळाडू नुसता वाटेत आहे म्हणून फाउल होत नाही. आपण उभे आहोत ती जागा प्रत्येकाची असते.

या गोलमध्ये दोघांचे हात एकमेकांत होते. बायंदिरचा हात चेंडूला ओझरता लागला आणि चेंडू गोलरेषेजवळच कालाफिओरीच्या डोक्यावर पडला. मैदानावरच्या रेफरीने गोल दिल्यावर तो निर्णय उघड-उघड चुकीचा असेल तरच व्हीएआर हस्तक्षेप करते. ‘फाउल देता आला असता’ एवढे पुरत नाही. आमच्या मते गोल योग्य होता. युनायटेडची चूक शिट्टीच्या आधीची आहे : गोलरक्षकाभोवती गर्दी होणार हे माहीत असून तिथे त्याच्या बाजूचा माणूस नव्हता. आर्सेनलने कॉर्नरसाठी निकोला जोव्हेर हा वेगळा प्रशिक्षक ठेवलेला आहे आणि अशा गर्दीचे गोल ते कित्येक महिने करत आले आहेत.

कुमठा नाक्याजवळच्या एका क्लबच्या प्रशिक्षकांनी हेच दुसऱ्या बाजूने विचारले आहे : ‘आमच्यावरही असाच गोल झाला, अकरा जण कुठे उभे करू?’ त्यांच्यासाठी सविस्तर.

गोलरक्षक गोलच्या मध्यावर, रेषेच्या अर्धे पाऊल पुढे, खांदे मैदानाकडे उघडे. जवळच्या खांबाशी एक. ५.५ मीटरच्या रेषेवर तिघे, जवळच्या खांबापासून गोलच्या मध्याच्या थोडे पलीकडे, एकमेकांत दीड ते दोन मीटर. हे तिघे माणूस धरत नाहीत, जागा राखतात, म्हणून संघातले सगळ्यात चांगले हेडर इथे हवेत. समोरच्या संघातल्या तीन उंच खेळाडूंवर तीन जण माणशी; यांचे काम चेंडू जिंकण्याचे नाही, त्यांची धाव मोडण्याचे आहे. एक बॉक्सच्या कडेवर, परतून आलेल्या चेंडूसाठी. एक छोट्या कॉर्नरकडे (जवळच्याच साथीदाराला पास देऊन घेतलेला कॉर्नर), कॉर्नरच्या कमानीपासून ९.१५ मीटर दूर. शेवटचा मध्यरेषेजवळ, म्हणजे त्यांना दोन जण मागे ठेवावे लागतात. समोरचा एखादा येऊन तुमच्या गोलरक्षकाला चिकटला, तर रेषेवरच्या तिघांतला मधला मागे सरकून दोघांच्या मध्ये उभा राहील, हे आधीच ठरलेले असावे. ऐन वेळी ओरडून ते होत नाही.

चुकते कुठे? पहिली चूक : जागा राखणारे उभ्याने उडी मारतात आणि हल्लेखोर धावत येऊन. धावत आलेला नेहमी वर जातो. उपाय म्हणजे एक पाय मागे ठेवून तिरके उभे राहणे आणि चेंडू सुटताच दोन पावले पुढे घेऊन उडी. दुसरी : माणूस धरणारा चेंडूकडे बघत बसतो आणि आपला माणूस पाठीमागून निसटतो. त्याने दोन्ही दिसतील असे आडवे उभे राहावे आणि हात मोकळे ठेवावेत. जर्सी धरली तर पेनल्टी. तिसरी, आपल्याकडे सर्रास दिसणारी : पहिला चेंडू दूर मारला की सगळे तिथेच थांबतात. चेंडू बाहेर गेल्याबरोबर सगळ्यांनी एकदम पेनल्टी स्पॉटपर्यंत धाव घ्यायची. त्याने मागे राहिलेले हल्लेखोर ऑफसाइड होतात आणि दुसऱ्या शॉटसाठी गोलरक्षकाला समोरचे दिसते. कॉर्नरवर थेट ऑफसाइड नसते, पण परतलेल्या चेंडूवर असते, हे मुलांना सांगून ठेवा.

सराव आठवड्यातून दोनदा, शेवटची पंधरा मिनिटे, दोन्ही बाजूंनी दहा-दहा कॉर्नर. त्यांतले निम्मे आत वळणारे हवेत, कारण गर्दीत तेच घातक. पावसाळ्यात काही ओल्या चेंडूने घ्या.

आमचा कीपर सोळा वर्षांचा आहे. त्याच्या हातून चेंडू सुटून गोल झाला आणि आम्ही ०-१ ने हरलो. प्रेक्षकांतून त्याच्यावर वाईट ओरडा झाला, आता तो सरावाला येताना कचरतो. दुसरा कीपर खेळवावा का?
— एक प्रशिक्षक, नेहरूनगर

नका बदलू. पहिल्याच चुकीवर बदललेला गोलरक्षक पुढे बाहेर यायलाच घाबरतो आणि रेषेला चिकटतो. ती सवय काढायला पूर्ण मोसम जातो. बदलीचा विचार तीच चूक तीन-चार सामन्यांत पुन्हा पुन्हा दिसली तर.

आधी चूक कोणत्या जातीची, ते ठरवा. निर्णय चुकला (बाहेर यायचे नव्हते), पाय चुकले (उशिरा निघाला, मागे झुकून उडी मारली) की हात चुकले (पकडता आला नसता तो पकडायला गेला)? तिन्हींचे उपाय वेगळे. निर्णयाला नियम द्या : चेंडू ५.५ मीटरच्या चौकटीत आणि डोक्याच्या वर येत असेल तर माझा, नाहीतर रेषेवर. आणि तो मोठ्याने बोललाच पाहिजे, ‘माझा!’ किंवा ‘काढ!’ गप्प गोलरक्षकासमोर दोन बचावपटू हमखास एकमेकांवर आदळतात. पायांसाठी बाजूला चेंडूकडे तीन पावले, मग एका पायावर उडी, दुसरा गुडघा वर. तो गुडघा धक्क्यापासून वाचवतो. हातांसाठी नियम सरळ आहे. दोन्ही तळवे चेंडूमागे येत असतील आणि जागा मोकळी असेल तरच पकडायचा, नाहीतर दोन मुठी एकत्र करून, वर आणि बाजूला. मैदानाच्या मध्याकडे मारलेली मूठ म्हणजे समोरच्याला पास.

पहिल्या आठवड्यात वीस चेंडू कोणी अडवणारा नसताना, मग वीस एक जण नुसता उभा असताना. धक्काबुक्की दुसऱ्या आठवड्यात, आणि तीही मऊ पॅड धरून. सामन्याचा व्हिडिओ असेल तर त्याच्याबरोबर एकट्याने बसा, तीन तुकडे दाखवा : दोन चांगले, एक गोलचा. गोलच्या तुकड्यात मागे जाऊन कॉर्नर कसा दिला गेला तेही दाखवा. बहुतेक वेळा सुरुवात विंगवरच्या एखाद्या आळशी पासपासून झालेली असते.

ओरड्याचे म्हणाल तर ते तुम्हालाच थांबवायचे आहे. पुढच्या सामन्याआधी क्लबच्या दोन मोठ्या माणसांना त्याच्या गोलच्या मागे उभे करा आणि सोळा वर्षांच्या मुलाला शिवी देणाऱ्याला तिथून उठवा. यात भिडस्तपणा नको. सराव, शाळा आणि घर सांभाळून मैदानावर येणाऱ्या पोराची लाज राखणे क्लबचे काम आहे.

आम्ही १-० ने पुढे होतो. शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले आणि १-२ ने हरलो. तीन पोरांना पायात गोळे आले. स्टॅमिना कमी पडला म्हणायचा का?
— एक प्रशिक्षक, होटगी रोड

‘स्टॅमिना’ म्हणून मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावू नका, हे पहिले. एका चालीत धावून खेळाडू एका चालीत धावायलाच शिकतो. फुटबॉलमध्ये लागतात त्या छोट्या, जोरदार धावा आणि त्यांच्यामध्ये अपुरी विश्रांती. ३० बाय २० मीटरच्या चौकटीत चार विरुद्ध चार, ४ मिनिटे पूर्ण जोरात, ३ मिनिटे आराम, असे चार वेळा. बाजूला भरपूर चेंडू ठेवा, म्हणजे खेळ थांबत नाही. थांबला की उपयोग गेला. दुसऱ्या एका दिवशी ३० मीटरच्या सहा धावा, प्रत्येकीनंतर २५ सेकंद, मग ४ मिनिटे आराम आणि पुन्हा सहा. सामन्याच्या आधीचे दोन दिवस यातले काहीही नाही. सहा आठवड्यांत फरक दिसतो, पंधरा दिवसांत नाही.

आता पाणी. सोलापुरात सप्टेंबरचा दमट उकाडा आणि त्यामागून ऑक्टोबरचे ऊन, दुपारी साडेतीनचा सामना म्हणजे अंगातून पाणी उपसले जाते. किती, ते वजनकाट्याने मोजा. सामन्याआधी आणि नंतर, कोरड्या कपड्यांत. घटलेले १ किलो म्हणजे सुमारे १ लिटर घाम. मध्ये प्यायलेले पाणी त्यात मिळवा. वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त घट झाली की धाव आणि निर्णय दोन्ही मंदावतात. ६० किलोच्या मुलाला हा आकडा फक्त १.२ किलो आहे. घट भरून काढताना दर किलोमागे सव्वा ते दीड लिटर, पुढच्या काही तासांत, थोडे थोडे. उलट, वजन वाढलेले दिसले तर तो गरजेपेक्षा जास्त साधे पाणी प्याला आहे, तेही धोक्याचे. १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ, वर लिंबू. यापेक्षा महागडे काही लागत नाही. मिठाचा चमचा शीग भरून घेऊ नका आणि मिठाच्या गोळ्या तर नकोतच. दोन्ही संघांचे आणि रेफरीचे आधी बोलणे झाले तर प्रत्येक डावात पाण्यासाठी खेळ थांबवता येतो : नियमांत पाण्याच्या थांब्याला जास्तीत जास्त १ मिनिट आणि अंग थंड करण्याच्या थांब्याला दीड ते ३ मिनिटे आहेत, आणि तो वेळ शेवटी भरून मिळतो.

जेवण सामन्याआधी तीन तास : भात किंवा भाकरी, पातळ डाळ, भाजी. शेंगाची चटणी आणि तेल त्या एका दिवशी बाजूला ठेवा. तेलाचे पोटात जास्त वेळ राहते. तासभर आधी केळे चालते.

पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे नडगीकडे ओढा, २० ते ३० सेकंद, झटके न देता. खेळाडू अडखळत बोलू लागला, गोंधळला किंवा भोवंडला तर तो गोळा नाही. उन्हाचा तडाखा आहे. सामना थांबवा, सावलीत नेऊन डोक्यावर-अंगावर गार पाणी ओता आणि लगेच दवाखान्यात न्या.

पण तुमचे दोन गोल फक्त दमामुळे गेले असे पत्रावरून वाटत नाही. तुम्ही लिहिता की ६५ व्या मिनिटानंतर ‘सगळ्यांना मागे घेतले’. इथेच सामना हातचा गेला. दहा जण बॉक्समध्ये गेले की काढलेला चेंडू घ्यायला पुढे कोणी उरत नाही, तो पुन्हा समोरच्यालाच मिळतो आणि दर मिनिटाला नवा हल्ला येतो. दमलेली पोरे आणखी दमतात. एक वेगवान खेळाडू मध्यरेषेवर ठेवाच. बचावाची शेवटची ओळ पेनल्टी स्पॉटच्या मागे जाऊ देऊ नका. आणि बदली खेळाडू ८० व्या मिनिटाला नाही, ६० व्या मिनिटाला उतरवा, पहिल्यांदा दोन्ही विंगवर, कारण सगळ्यात जास्त धाव तिथे असते. किती बदल चालतात ते तुमच्या स्पर्धेच्या पत्रकात पाहा. मोठ्या सामन्यांत पाच असतात, स्थानिक स्पर्धांत वेगळा नियम असू शकतो.

बुटांचेही बघा. आपली काळी माती भिजली की तळव्याला चिकटून पायाला ओझे होते. तेव्हा लांब आणि कमी, सहा स्टडचे बूट बरे, आणि मध्यंतरात माती काडीने काढायची. तीच माती वाळली की दगड होते आणि भेगा पडतात. तिथे आखूड रबरी स्टड, नाहीतर घोटा मुरगळतो. टणक मैदानावर चेंडूत हवा कमी ठेवा. नियमात ८.५ ते १५.६ पीएसआय चालते. ९ च्या आसपास ठेवला तर उसळी आवाक्यात राहते.

पहिलाच सामना हरलेला संघ विजेता झाल्याची उदाहरणे आहेत का, की आम्ही आताच आशा सोडावी?
— एक वाचक, शेळगी

भरपूर आहेत. खुद्द युनायटेड २०१२-१३ मध्ये पहिला सामना एव्हर्टनकडे ०-१ ने हरले आणि ८९ गुणांनी लीग जिंकले. मँचेस्टर सिटी २०२१-२२ मध्ये टॉटनहॅमकडून ०-१ हरले आणि विजेते ठरले. पेप ग्वार्डिओलाच्या हाताखाली बार्सिलोनाचा पहिला लीग सामना, २००८ मध्ये नुमान्सियाकडून ०-१. त्या मोसमात त्यांनी लीग, स्पॅनिश कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही घेतले. विश्वचषकात स्पेन २०१० मध्ये स्वित्झर्लंडकडून ०-१ आणि अर्जेंटिना २०२२ मध्ये सौदी अरेबियाकडून १-२ हरून सुरुवात करून विजेते झाले.

आपल्या जवळचे उदाहरण मुंबई सिटीचे. २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडकडून ०-१. मुंबईच्या अहमद जाहूला रेड कार्ड आणि दुसऱ्या डावात पेनल्टीवर गोल. दहा जणांनी खेळून एका गोलाने हरलेल्या त्या संघाने साखळीत ४० गुण मिळवले, शेवटच्या साखळी सामन्यात एटीके मोहन बागानला २-० ने हरवून साखळीतल्या अव्वल संघाची शील्ड घेतली आणि १३ मार्च २०२१ ला अंतिम सामन्यात त्यांनाच २-१ ने. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्या पहिल्या हारीनंतर खेळण्याची पद्धत बदलली नाही, ही त्यातली पाहण्यासारखी गोष्ट.

दुसरी बाजूही पाहा. चेल्सी २०१७ मध्ये विजेते म्हणून उतरले, बर्नलीकडून २-३ हरले आणि पाचवे आले. युनायटेड २०२२ मध्ये ब्रायटनकडून घरी १-२ हरले, मोसमाअखेर तिसरे. आणि सिटीने २०२१-२२ ची लीग लिव्हरपूलपेक्षा फक्त एका गुणाने जिंकली, ९३ विरुद्ध ९२. म्हणजे ३८ सामन्यांत ११४ पैकी ३ गुण गेले हे थोडे असले, तरी पहिल्या सामन्याचे गुणही शेवटच्या इतकेच मोजले जातात.

आघाडीवर असलेल्या संघाचा गोलरक्षक चेंडू धरून बसला तर रेफरी काय करतो? नवा नियम आलाय म्हणे.
— एक वाचक, बाळे

आला आहे. २०२५-२६ च्या मोसमापासून गोलरक्षकाला चेंडू हातात ८ सेकंद ठेवता येतो. शेवटची ५ सेकंदे रेफरी हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. वेळ ओलांडली तर समोरच्या संघाला कॉर्नर. पूर्वी मर्यादा ६ सेकंदांची होती आणि शिक्षा इनडायरेक्ट फ्री किकची, पण ती क्वचितच दिली जायची. स्थानिक प्रशिक्षकांनी आपल्या गोलरक्षकांना आतापासूनच सवय लावावी. जादा वेळेबद्दलही अनेकांनी विचारले आहे : फलकावर दिसतो तो किमान वेळ. रेफरी तो वाढवू शकतो, कमी करू शकत नाही.

माझा तेरा वर्षांचा मुलगा संघ हरला की जेवत नाही, रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर भांडत बसतो. फुटबॉल बंद करावे का?
— एक आई, अक्कलकोट रोड

ताई, फुटबॉल बंद करू नका, मोबाइल बंद करा, आणि तोही सामना संपल्याच्या शिट्टीला. हारेचे दुःख दुसऱ्या दिवशी ओसरते. अनोळखी माणसांच्या शिव्या वाचून ते लांबते. रविवारचा ९ चा सामना पावणेअकराच्या पुढे संपतो, म्हणून जेवण सामन्याआधी, आठला. ‘एवढं काय त्यात’ असे म्हणू नका, त्याला ते खरेच लागलेले असते. त्याऐवजी गोल कसा झाला ते कागदावर काढून दाखवायला सांगा. कुठला खेळाडू कुठे होता हे आठवताना राग आपोआप निवळतो आणि त्याला खेळही कळतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी स्वतः मैदानावर खेळू द्या. हे करूनही दोन-तीन आठवडे जेवण-झोप बिघडलेलीच राहिली, तर कारण फुटबॉल नसावे, डॉक्टरांना दाखवा.

पुढचा मोठा सामना आमच्या गल्लीत सगळ्यांना पडद्यावर दाखवायचा आहे. गेल्या वेळी चित्र फिके आले, आवाजावरून शेजाऱ्यांशी भांडण झाले आणि गोल व्हायच्या आधीच पलीकडून ओरडा ऐकू आला. काय करावे?
— एक मित्रमंडळ, विडी घरकुल

चित्र फिके येण्याचे कारण उजेड. सोलापुरात ऑगस्टमध्ये सातच्या पुढेच अंधार होतो, त्यामुळे शनिवारचा ५ चा सामना उघड्यावर दाखवू नका, साडेसातचा चालेल. पडद्याला पांढरे, जाड मांजरपाट, चारही बाजूंनी ताणून. सैल कापड वाऱ्याने हलले की चेंडू दिसत नाही. चुन्याची सपाट भिंत असेल तर ती त्याहून बरी. प्रोजेक्टरच्या खोक्यावर थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी, लिहिलेला असतो. तो १.५ असेल तर २.४ मीटर रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर ३.६ मीटरवर ठेवा. तेवढ्या चित्राची उंची १.३५ मीटर येते. याहून मोठे केले की तेवढाच उजेड जास्त जागेवर पसरतो आणि चित्र पुन्हा फिके. प्रोजेक्टर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

पलीकडचा ओरडा आधी येतो, कारण ॲपवरचे चित्र टीव्हीच्या प्रक्षेपणापेक्षा अर्धा मिनिट वगैरे मागे असते. डिश किंवा केबलचा बॉक्स जोडा, ते अंतर जवळजवळ जाते. घरगुती वर्गणीवर सार्वजनिक खेळ दाखवता येत नाही, विशेषतः पैसे घेऊन. प्रक्षेपण कंपनीची परवानगी आधी विचारा.

आवाजाचे भांडण टाळायचे तर घड्याळ पाहा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. रविवारचा ९ चा सामना घेतला तर मध्यंतर पावणेदहाच्या सुमारास होते आणि दुसरा डाव दहाच्या थोडे पुढे सुरू होतो. म्हणजे मध्यंतरातच स्पीकर बंद करून टीव्हीच्या आवाजावर यायचे, हे पोरांना आधीच सांगून ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडचे घड्याळ एक तास मागे जाते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथले सामने आपल्याकडे तासभर उशिरा सुरू होतात : शनिवारचे ५, साडेसात आणि १० चे सामने ६, साडेआठ आणि ११ ला, रविवारचे साडेसहा आणि ९ चे साडेसात आणि १० ला. म्हणजे त्या पाच महिन्यांत रविवारचा मोठा सामना पहिल्या मिनिटापासूनच स्पीकरविना दाखवावा लागेल, किंवा दारे बंद होणारा हॉल घ्यावा लागेल.